आज तुम्ही काय जेवलात?

थोरलीच्या परक्या भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नसत, मेनूकार्ड उघडत. टेबलावर धुतलेली चादर, चार प्लेटा, काटे-चमचे, पाण्याची रिकामी बाटली आणि मधोमध, ज्या देशाची ती भाषा, तिकडच्या खऱ्याखुऱ्या हॉटेलांची मेनूकार्डं. ओळखीपाळखीतलं कुणी तिकडे निघालं की ती बजावून सांगायची, मला अत्तर नको, चॉकलेटं नकोत, एखादं मेनूकार्ड मागून आणा. आणि लोक आणत. सुपाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली, एक-दोन तर सरळसरळ ढापलेली. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने वेटर, आणि लागायचं बोलायला. व्याकरण नंतर. माणसाला परक्या मुलखात आधी भूक लागते आणि मग व्याकरण आठवतं, असं तिचं म्हणणं होतं.

तिला थोरली म्हणायचं कारण एवढंच की वर्गात शिकवणाऱ्या दोघी होत्या. ही थोरल्या मॅडम, आणि हिच्याच हाताखाली तयार झालेली ती धाकट्या मॅडम. धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायची. थोरलीने तिला बोलतं केलं, मग परीक्षेला बसवलं, मग स्वतःच्या शेजारी शिकवायला उभं केलं. नात्याची नव्हती, पण थोरलीच्या स्वयंपाकघरात साखर कुठल्या डब्यात आहे हे तिला विचारावं लागत नसे.

मेनूकार्डाचा एक मोठा धोका असतो. नुसतं बोट ठेवलं तरी काम भागतं. हे द्या म्हटलं, त्याने दिलं, संपलं संभाषण. म्हणून थोरलीने तरुणपणीच स्वतःच्या डोक्याने एक प्रश्न काढला होता. काहीही मागवायच्या आधी वेटरला विचारायचं, ‘आज तुम्ही स्वतः काय जेवलात?’ तिकडे असं कुणी म्हणजे कुणीही विचारत नाही. तिचे विद्यार्थी मात्र जाऊन विचारत आणि परत आले की गमती सांगत. वेटर आधी आ वासायचा, मग हसायचा, मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून गप्पाच मारायला लागायचा. एकाला तर थेट आत नेऊन पातेल्यातलं चाखवलं होतं. हा प्रश्न कानावर पडला की खुशाल समजावं, गिऱ्हाईक थोरलीच्या हाताखालून गेलेलं आहे.

दुसरी खोड तिची स्वतःची. विद्यार्थी बोलायला लागला की तिचे ओठ त्याच्याबरोबर आवाज न करता हलत. पोराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसं. वर्गातली टवाळ मंडळी म्हणायची, ‘मॅडम, जेवतोय आम्ही आणि चावताय तुम्ही!’ ती हसायची. ही सवय प्रत्येक शिकवणाऱ्याला लागते आणि ती लपवता येत नाही. धाकटीलाही लागली होती, तेव्हा थोरलीला कोण आनंद झाला होता. आता ही खरी मास्तरीण झाली, असं ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली होती.

तर नवरा. नवरा लिफ्टच्या कंपनीत होता. लिफ्ट बसवायच्या, अडकल्या की सोडवायच्या, आणि आत अडकलेल्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. शांत माणूस. वर्ग घराच्याच बाहेरच्या खोलीत भरायचा, त्यामुळे विद्यार्थी त्याला सर म्हणत. कुणाला काडीचं न शिकवता फुकटात मिळालेली पदवी. तिकडच्या भाषेतला एक शब्द त्याने कधी तोंडातून काढला नव्हता. ‘माझ्या डोक्यात नट-बोल्टच्या पलीकडे काही शिरत नाही गं,’ म्हणायचा. दोघं तिकडे एकदा जाऊन आले होते. त्या सबंध प्रवासात त्याच्यासाठी जेवण तिने मागवलं, औषधं तिने मागितली, आणि संडास कुठे आहे हेसुद्धा त्याच्या वतीने तिनेच विचारलं. तो मागे उभा राहून मान डोलवायचा. तिला ते गोडच वाटायचं, काय सांगावं!

आता खरी गोष्ट. तिकडच्या एका शिक्षकांच्या संस्थेकडून थोरलीला तीनदा बोलावणं आलं होतं. एक वर्ष तिकडे राहायचं आणि ही मेनूकार्डाची पद्धत तिकडच्या शिक्षकांना शिकवायची. नवऱ्याला सोबत आणायची मुभा. ज्या भाषेवर तिने आयुष्य ओवाळून टाकलं, त्या भाषेत एक अख्खं वर्ष झोपायचं आणि उठायचं! तीनदा बोलावणं आलं आणि तीनदा तिने नाही म्हटलं. तिसरा नकार परवापरवाचा होता आणि तो शेवटचा होता, कारण पुढे वयाची अट आड येणार होती. नवरा नको म्हणाला नव्हता. तो कधीच नको म्हणायचा नाही. ‘तू जा की,’ म्हणाला. ‘मी तिथे येऊन मुका होऊन बसेन चार भिंतींत, किंवा इथे राहीन एकटा. करीन काहीतरी पोटाचं.’ त्याचं ‘जा की’ हे असं असायचं की जाणाऱ्याचा पाय उचलू नये. तिने कॉम्प्युटरवर नकार लिहिला तेव्हा तो शेजारीच बसला होता. पाठवून झाल्यावर त्याने उठून चहा करून आणला. ती दोन दिवस गुपचूप रडली आणि कामाला लागली. माणसापेक्षा भाषा मोठी नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

त्यानंतरच्या रविवारी वर्गाचं शेवटचं जेवण होतं. दरवर्षी अभ्यासक्रम संपला की ती सगळ्या विद्यार्थ्यांना एका छोट्या हॉटेलात न्यायची. टायरच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, सात-आठ टेबलांचं हॉटेल. मालकीण तिकडचीच. वय झालेली, गुडघे दुखत असतानाही स्वतः टेबलापाशी येऊन विचारणारी. तिथे आपली भाषा बोलायची बंदी. ज्याला जे मागता येईल ते त्याला मिळेल, आणि न मागता आलं तर उपाशी राहा. अपवाद फक्त सरांना. सर खांबाशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि त्यांच्यासाठी थोरली मागवायची. मासा, काटे काढलेला, आणि सोबत उकडलेले बटाटे. ठरलेलं.

त्या दुपारी बँकेत काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचं घोडं अडलं होतं. त्याला काटा हवा होता आणि शब्द आठवत नव्हता, म्हणून तो हवेत टोचून दाखवत होता. सगळं टेबल खिदळत होतं. थोरली त्याच्यावर डोळे रोखून, ओठ हलवत, शब्द त्याच्या तोंडून ओढून काढायचा प्रयत्न करत होती. मालकीण एरवी टेबलाच्या तोंडाकडून यायची, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून थेट खांबाकडे आली आणि पहिल्या माणसाला विचारून मोकळी झाली.

‘तुम्हाला काय आणू?’

नवरा खाली मान घालून पावाचा तुकडा मोडत होता. मान वर न करताच तो तिकडच्या भाषेत म्हणाला, ‘मासा ताजा असेल तर मासा, नाहीतर आमलेट. बटाटे उकडलेले नकोत, भाजलेले द्या. पण आधी मला सांगा, आज तुम्ही स्वतः काय जेवलात?’

बँकवाल्याचा हात हवेतच राहिला.

‘सूप,’ मालकीण म्हणाली. ‘कालचं. माझ्या हॉटेलात ताजं फक्त गिऱ्हाईकाला.’

आणि नवरा हसला. म्हणजे त्याला विनोदसुद्धा कळला होता! मग त्याला भान आलं असावं, कारण त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. पण तोवर टेबलावर एकच गलका उडाला होता. ‘सर! सर! वन्स मोअर!’ कुणी चमच्याने ग्लास वाजवला. एक मुलगी ओरडली, ‘मॅडम, सर तर छुपे रुस्तम निघाले!’

थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. खरंच सांगायचं तर तिचे डोळे भरून आले. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून शिकला बाई माझा नवरा, असं तिला वाटलं. इतकी वर्षं चहाचा ट्रे घेऊन ये-जा करताना कानात साठवत राहिला आणि ताकास तूर लागू दिली नाही. बटाटे उकडलेले नकोत म्हणाला हे तिला जरा खटकलं, पण त्या क्षणी कुणाला पडलीय बटाट्यांची! तिच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. उद्या सोमवार. संस्थेचं ऑफिस उघडेल. फोन करायचा, लाज सोडायची, नकार मागे घेते म्हणायचं. आता हा मुका राहणार नाही. आता दोघांनी जायचं.

‘आणि प्यायला?’ मालकिणीने त्याला विचारलं.

‘साधं पाणी. फार थंड नको, माझे दात दुखतात,’ तो म्हणाला. आता सुटका नव्हती.

एवढा मोठा आनंद एकटीला पेलवेना म्हणून थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडे पाहत नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. फार थंड नको. माझे दात दुखतात. त्याच्या शब्दाला शब्द, जराही मागे-पुढे नाही. वाक्य संपल्यावर तिने किंचित मान हलवली, बरोबर म्हणतात तशी.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण ते ओठ कशाने हलतात हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक असणार? ऐकलेल्या वाक्यावर ते हलत नाहीत. शिकवलेल्या वाक्यावर हलतात.

हात धुवायच्या निमित्ताने ती उठली आणि जाताना धाकटीच्या खांद्याला स्पर्श करून गेली. बेसिनपाशी दोघींपुरती जागा होती.

‘किती दिवस चाललंय?’

‘काय, मॅडम?’

‘ओठ हलत होते तुझे.’

धाकटीने आपसूक तोंडावर हात नेला. मग तिला कळलं की आता त्याचा उपयोग नाही. ‘गेल्या वर्षापासून,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आठवड्यातून एकदा शाळेत शिकवायला जाता ना, त्या दिवशी. इथेच यायचो. ते कोपऱ्यातलं टेबल.’

‘माझी मेनूकार्डं नेत होतीस?’

‘नाही नाही, मॅडम. इथलंच वापरत होतो.’

‘उपकार झाले.’

‘सरांनी शपथ घातली होती हो. म्हणाले, तिला चकित करायचंय. मला वाटलं, किती छान.’

‘आणि परवा मी तुला विचारलं, संस्थेला नकार कळवू का, तेव्हा? तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? सरांना एकटं टाकून तुमचं तिथे मन लागणार नाही, मॅडम. माझ्याच ओट्यापाशी उभी राहून म्हणालीस. माझ्या हातचा चहा पीत.’

धाकटी रडायला लागली. ‘तोवर मला कळलं होतं... शपथेमुळे सांगता येईना, म्हणून तोंडाला आलं ते बोलले.’

‘काय कळलं होतं?’

‘ते तुम्ही सरांनाच विचारा. माझ्या तोंडून नको.’

थोरलीने नळ बंद केला. बाहेर येऊन तिने उरलेलं जेवण रीतसर पार पाडलं. बँकवाल्याला काटा मिळवून दिला, प्रत्येकाची पाठ थोपटली, फोटोत हसलीसुद्धा. मास्तरकीचं हेच एक वाईट, वर्ग सुटल्याशिवाय रडता येत नाही. नवऱ्यापुढे भाजलेले बटाटे आले आणि त्याने ते शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवले.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. बाहेरच्या खोलीत, वर्गाच्या त्याच टेबलाच्या एका बाजूला ती बसली. तो दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘धाकटीने अर्धं सांगितलंय. उरलेलं तुम्ही सांगा.’

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. बहुधा तो थकला होता. कंपनी तिकडे शाखा काढत होती. अनुभवी माणूस हवा होता, भाषा येणारा. तीन वर्षांसाठी. त्याने अर्ज केला, मुलाखत दिली, तीही तिकडच्या भाषेत. निवड झाली. होकार देऊन दीड महिना झाला होता.

दीड महिना. म्हणजे तिचा नकार जायच्या कितीतरी आधी.

‘म्हणजे आपण तिकडे...’ असं ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. चकित करायचं असतं तर त्याने तिला नकार लिहू दिला नसता. ‘तुम्ही एकटेच,’ ती म्हणाली.

त्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही.

‘ती आणि तुम्ही?’

‘छे! काहीतरीच काय!’ तो खरोखर दचकला. ‘ती पोरगी तर रोज म्हणायची, मॅडमना सांगा, मॅडमना सांगा. तसलं काही नाही. शप्पथ.’

तिचा विश्वास बसला, आणि तेच जास्त लागलं. तसलं काही असतं तर बरं झालं असतं. आदळआपट करता आली असती, बहिणी धावून आल्या असत्या, चार लोकांनी त्याला नावं ठेवली असती. आता लोकांना सांगायचं काय? की नवरा माझ्या चोरून माझी भाषा शिकला?

‘मग का?’ तिने विचारलं. ‘माझ्याकडे का नाही शिकलात? मी काय तुम्हाला खाल्लं असतं?’

‘खाल्लं नसतंस, चावलं असतंस,’ तो म्हणाला. हा वर्गातलाच विनोद होता, पण हसलं कुणीच नाही. मग तो हळूहळू बोलायला लागला. ‘तू असलीस की माझं तोंडच उघडत नाही गं. तिकडे गेलो होतो, आठवतं? माझी दाढ दुखत होती, तर कुठली दाढ हेसुद्धा डॉक्टरला तू सांगितलंस. चुकीची सांगितलीस. मला उकडलेले बटाटे कधीच आवडले नाहीत. तू मागवायचीस.’

‘मग बोलायचं होतं!’

‘कुठल्या भाषेत?’

‘आपल्या! आपल्या भाषेत बोलायचं होतं! ती तर येत होती ना तुम्हाला?’ ती ताडकन उठली. ‘बटाटे नकोत म्हणायला कुठला वर्ग लावावा लागतो? तूच सांग, तूच मागव, तुला येतं, असं तुम्ही म्हणायचात. मी हौसेने मागवत होते. आणि परवा? परवा मी नकार लिहिला, तेव्हा या खुर्चीत बसला होतात. तुमचा होकार खिशात होता. एक शब्द बोलला असतात तर मी गेले असते. तुमच्यासाठी राहिले मी! तुम्ही मुके आहात म्हणून राहिले!’

‘तू तिकडे आली असतीस, तर तिकडेही मी मॅडमचा नवराच झालो असतो,’ तो म्हणाला. हे त्याने फार हळू आवाजात म्हटलं, आणि ते खरं होतं हे तिला ऐकता ऐकताच कळलं. पण खरं आहे म्हणून केसाने गळा कापायची मुभा मिळत नाही.

‘म्हणून मला इथेच बसवून ठेवलंत,’ ती म्हणाली. ‘अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस ठेवून जिना उतरून गेलात.’

त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले, घसा खाकरला, आणि मग तो तिच्याशी तिकडच्या भाषेत बोलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या भाषेतलं त्याचं पहिलं वाक्य तिने कितीदा मनात ऐकलं असेल! कुठलं असेल, कधी म्हणेल, कसा अडखळेल, सगळं. तो अडखळला नाही. उच्चार स्वच्छ होते, धाकटीने मेहनत घेतली होती.

‘मला अतिशय खेद वाटतो,’ तो म्हणाला. ‘ही संपूर्णपणे आमची चूक आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कृपया क्षमा असावी.’

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून अगं-तुगं करणारा माणूस तिला एकदम आपण म्हणत होता. कारण क्षमा मागायचं दुसरं वाक्य त्याला शिकवलेलंच नव्हतं. वेटरच्या हातून गिऱ्हाईकाच्या बाहीवर सूप सांडतं, त्या धड्यातलं होतं ते. धाकटीने तोच धडा घेतला होता, शब्दही न बदलता. तो धडा थोरलीने लिहिला होता, याच टेबलावर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी.

तो थांबला होता. मान जराशी पुढे, डोळे तिच्या तोंडाकडे. आपलं वाक्य नीट म्हणून झाल्यावर विद्यार्थी समोरच्याच्या वाक्याची वाट बघतो, तसा. पुढचं वाक्य गिऱ्हाईकाचं होतं. ‘काही हरकत नाही, असं कुणाच्याही हातून होतं.’ वर्गात प्रत्येक जण ते हसून म्हणायचा.

‘पुढचं वाक्यही मीच लिहिलंय,’ ती आपल्या भाषेत म्हणाली. ‘पण ते मी म्हणणार नाही.’